उजेडात जेवणाऱ्या घरी दोन दिवस

बाबा "तू जा" म्हणाले तेव्हा मला वाटलं, पलीकडच्या दुकानातनं दोरा आणायला जा म्हणतायत.

वाईला घाटाजवळ आमचं नारळ-फुलांचं दुकान आहे. बाबा हार ओवत होते आणि मी झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या करत होते.

"आष्ट्याला जा. दोन दिवस राहा, बघून ये."

"मी?"

"तूच. ताईला आत्ताच पाठवता येत न्हाई. मी गेलो तर निम्मा होकार दिल्यासारखं होतंय. तू बोलत न्हाईस. न बोलणाऱ्या माणसापुढं लोक खरं वागतात."

ताई पाचगणीला एका शाळेच्या ऑफिसात काम करते, रोज गाडीनं वर जाते आणि संध्याकाळी खाली येते. तिथंच तिला सन्मती भेटला. तो आष्ट्याच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. स्ट्रॉबेरीच्या शेतात ठिबकच्या नळ्या बसवायची कामं घेतो. दोघांना लग्न करायचंय. त्याच्या घरचे कधीपासून म्हणत होते, आधी येऊन आमचं घर बघा. बाबा नुसतं "बघू" म्हणत होते. आमच्यात रविवारी मटण शिजतं. त्यांच्यात अंडं तर सोडाच, बटाटासुद्धा चालत नाही. बाबांना एकच घोर होता, पोरगी तिथं उपाशी राहील. पोट भरेल, पण उपाशी राहील.

 माझी पिशवी ताईनं भरली. शाल दोनदा काढली आणि दोनदा ठेवली.

बाबांनी मला वहीत चार प्रश्न लिहायला लावले. बायका कधी जेवतात. आपला देव न्यायला देतील का. खाण्यापिण्याची सक्ती किती. आणि चौथा, माणसं कशी हायत. माझी शाळा नववीत सुटली. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा, मग मी जायचंच बंद केलं. पण लिहायला मला आवडतं. हे पण मोबाईलवरच लिहितेय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

ज्यांना असं जायचंय त्यांच्यासाठी सांगते. वाईहून साताऱ्याला गाड्या सारख्या असतात, पाऊण-एक तासात पोचतो. सातारा स्टँडवर सांगलीची गाडी लागली की लगेच चढू नका. इस्लामपूरवरनं जाते का ते कंडक्टरला विचारा, कारण काही गाड्या दुसरीकडनं जातात आणि मग आष्टा लागतच नाही. मला विचारायचं होतं. मी तीन गाड्या जाऊ दिल्या. शेवटी एका गाडीच्या पाटीवर इस्लामपूर वाचता आलं तेव्हा चढले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं सगळा प्रवास मिळून लय खर्च येत नाही. स्टँडबाहेर कंदी पेढे घेतले, पाव किलो. मोकळ्या हातानं कसं जायचं.

दिवाळी होऊन गेलेली. बाहेर पातळ धुकं होतं, आणि हायवेवर कुठंकुठं काम चालू असल्यानं गाडी सारखी कडेच्या रस्त्यावर उतरायची. उतरली की ऊस अगदी खिडकीला लागायचा. तुरे आले होते. ऊन तुऱ्यांवर पडलं की वाटायचं, गाडी पाण्यातनं चालली आहे आणि दोन्ही बाजूला रुपेरी काहीतरी हलतंय. मला जरा डुलकी लागली. जाग आली तर तेच हलत होतं. कुठवर आलो ते कळेना आणि कळायला नको पण वाटत होतं.

कराडला शेजारी एक मावशी येऊन बसल्या. मांडीवर हळदीच्या रोपासारखं हिरवं काहीतरी गुंडाळलेलं.

"कुठली गं तू?"

"वाई."

"वाईची व्हय? वाईची माणसं लय बोलकी. एकदा सुरू झाली की थांबत न्हाईत."

मी हसले.

"आणि कुठं चाललीस?"

"आष्ट्याला. जैनांच्या घरी."

"मग पोटभर खाऊन जा. ती माणसं पाणी बी मोजून देतात." मग त्यांनी मला निरखून बघितलं. "का गं, बरं न्हाई काय तुला? वाईची असून गप बसलीस."

पुढं पेठ नाक्यापर्यंत त्या मला सगळ्या गावांची माणसं सांगत होत्या. कुठली भांडकुदळ, कुठली चिकट, कुठली साधी. कुठल्याच गावात त्या राहिल्या नव्हत्या. मी वही काढून लिहिलं, पाणी मोजून देतात म्हणे.

आष्ट्याला उतरले तेव्हा एक वाजला होता. सन्मतीच्या आई स्टँडवर उभ्या होत्या. लहानखुऱ्या, निळं नऊवारी, डोक्यावर पदर. त्यांना सगळे पद्माकाकी म्हणतात. मला बघून त्या म्हणाल्या, "आलीस बाई. मी मघाधरनं तीन पोरींना विचारलो, वाईची काय म्हणून. एकीनं तर मला पळवून लावलं." तिकडं बायका 'मी आलो, मी केलो' असंच बोलतात. आधी मला गंमत वाटली, मग सवय झाली.

घर गावाबाहेर मळ्यात आहे, रिक्षानं दहा मिनिटं. एका बाजूला हळद, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्ये विहीर आणि विहिरीला लागून घर. विहिरीवर मोठं चिंचेचं झाड. दुपारी त्या झाडाची सावली पाण्यात उतरते आणि पाणी हिरवं-काळं दिसतं. सन्मती पाचगणीलाच होता. घरात फक्त काकी आणि त्याचे वडील आण्णा. आण्णा लय कमी बोलतात. मला ते लगेच आवडले.

जेवायला पाचला बसवलं. मला भूकच नव्हती. आमच्याकडं साडेपाचला चहा होतो. ऊन अजून उंबऱ्यावर होतं. ज्वारीची भाकरी, कच्च्या केळ्याची भाजी, आमटी, दही, शेंगदाण्याची चटणी. आण्णा, काकी आणि मी एकाच ओळीत बसलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, सगळे बरोबर जेवतात. जेवायलाच लागतं, कारण दिवस मावळला की ते खात नाहीत आणि दिवस कुणासाठी थांबत नाही.

इतक्यात काकी उठून बाहेर गेल्या आणि कट्ट्यावरनं एक झाकलेली ताटली आणून माझ्यापुढं ठेवली. झाकण काढलं तर चिरलेला कांदा. जाड जाड, गुलाबी, ताटली भरून.

"शेजारच्या तायाक्काकडनं आणलो," काकी म्हणाल्या. "आमच्यात चिरत न्हाईत. पण तुमच्यात कांद्याशिवाय घास उतरत न्हाई म्हणं. खा बाई, लाजू नको."

आता खरं सांगते. मी कच्चा कांदा खात नाही. लहानपणापासून नाही. वासानंच माझं डोकं चढतं. पण काकी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आण्णा पण घास हातात धरून बघत होते. एखादा अवघड पाहुणा नीट जेवतोय का ते बघावं, तसं. मी एक फोड खाल्ली. मग दुसरी. डोळ्यातनं पाणी यायला लागलं.

"बघा," काकी आण्णांना हळूच म्हणाल्या, "घरची आठवण आली पोरीला."

मी सगळी ताटली संपवली.

जेवण झाल्यावर अजून उजेड होता. इतका मोकळा वेळ मी कधी बघितला नव्हता. भांडी घासून झालेली, सगळे पोट भरून ओट्यावर, आणि सूर्य उसाच्या वर हातभर. मग तो हळूहळू तुऱ्यांत गेला. आण्णांनी मान किंचित खाली केली. त्यानंतर काकींनी पाणीसुद्धा तोंडाला लावलं नाही. मला मात्र तांब्या भरून दिला, मोजून नाही. मी तिसऱ्या प्रश्नापुढं लिहिलं, मला सक्ती केली नाही, पण ताईला करतील.

आण्णा हळदीच्या वाफ्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं, म्हणजे उघडलंच कसं ते मलाच कळलं नाही.

"आण्णा, जमिनीखालचं खात न्हाई म्हणता. मग हळद?"

त्यांनी वाफ्याकडं बोट केलं. "वाळवलेली चालती म्हणतात. ओली आमी खात न्हाई. पण काढताना जमीन उकरावीच लागती." मग म्हणाले, "ह्याचं पुरतं उत्तर मला बी येत न्हाई पोरी. माझ्या बापाला बी येत नव्हतं. तू लिहून घेतलंस व्हय?"

मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. काकी गोठ्यात होत्या. मला वाटलं, बसून काय खायचं, काहीतरी काम करावं. स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्यावर जाड पांढरं फडकं दुहेरी घडी करून बांधलेलं होतं. नळाला फिल्टर आहे त्यांच्या, पण पिण्याचं पाणी काकी विहिरीचंच घेतात आणि ह्या फडक्यातनं गाळतात. फडक्यावर बारीक कचरा दिसत होता. आमच्या घरी आई असलं फडकं बघितलं तर दिवसभर बोलते. पाहुण्याकडं गेल्यावर आम्ही आधी मोरी बघतो, मग माणसं. मी फडकं सोडलं, मोरीत नेलं, साबण लावून खसाखसा घासलं, पिळलं आणि उन्हात दोरीवर टाकलं. पांढरंशुभ्र झालं होतं. मला बरं वाटलं.

काकी दुधाची किटली घेऊन आल्या. दोरीकडं बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या. किटली खाली ठेवली. दोरीजवळ गेल्या आणि ओल्या फडक्यावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या, आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवतो तसा.  मग आत जाऊन देवाच्या फोटोपुढं बसल्या.

 काय झालं ते कळत नव्हतं, पण मीच केलंय एवढं कळत होतं.

आण्णांनी मला विहिरीजवळ नेलं. कठड्यावर एक बारकी तांब्याची घागर होती, वर एक दोरी आणि बुडाला दुसरी.

"पाणी गाळलं की फडक्यावर जीव राहतात," आण्णा म्हणाले. "दिसत न्हाईत आपल्याला. पण हायत. फडकं उलटं धरायचं, वरनं गाळलेलंच पाणी हळू घालायचं, आणि ते पाणी ह्यात घेऊन परत विहिरीत सोडायचं. वरनं ओतायचं न्हाई, त्यांना मार लागतो. घागर पाण्याला टेकली की खालची दोरी ओढायची, मग आपसूक उलटी होती. ज्या पाण्यातनं आले त्याच पाण्यात गेले पायजेत. दुसऱ्या पाण्यात ते जगत न्हाईत. जिवाणी म्हणतात त्याला."

मी विहिरीत बघितलं. काही दिसत नव्हतं, फक्त आमची दोघांची डोकी आणि चिंचेची पानं.

"काकी रागावल्या?"

"रागावली न्हाई. माफी मागतीया."

"कुणाची?"

"त्यांची. तिनं तुला सांगितलं न्हाई म्हणून. आज दिवसभर ती साखर-गूळ खाणार न्हाई. चुकलं की ती असं एक काहीतरी सोडती."

चूक माझी आणि चहा काकींनी बिनसाखरेचा घेतला. समोर माझे कंदी पेढे होते. त्यांनी एक आण्णांना दिला, एक मला दिला आणि खोक्याचं झाकण लावलं. मला तो पेढा गिळेना. रात्री वहीत मी चौथ्या प्रश्नापुढं लिहिलं होतं, माणसं चांगली पण जरा विचित्र. ती ओळ मला पाठ होती आणि आता ती डोळ्यापुढनं जात नव्हती.

"काकी," मी म्हणाले. वर्गात वाचायला उभं राहिल्यासारखं वाटलं, तरी म्हणाले. "मी कांदा खात न्हाई."

"काय?"

"कच्चा. कधीच खात न्हाई. काल तुमी आणला म्हणून..."

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत.

"आवं, ऐकलं काय," त्या आण्णांना म्हणाल्या, आणि त्यांना पुढचं बोलताच येईना. "हिनं ताटली... सगळी... आणि मी म्हटलो पोरगी घरच्या आठवणीनं..."

आण्णा पण हसले. तोंड फिरवून हसले, पण हसले.

"मग सांगायचं न्हाईस काय गं?"

"तुमी बघत होता."

"आणि तू आमाला बघत होतीस. वहीत लिहीत बी होतीस." काकींनी डोळे पुसले. "आज सांच्याला तायाक्काला सांगतो, तुझा कांदा राहू दे म्हणून. ती मोठी परात भरून चिरणार हुती."

त्यानंतर काकींनी मला फडकं कसं धरायचं ते शिकवलं. दोन्ही हातांनी, उलटं, वरनं बारीक धार. मग घागर सोडायची. दोरी माझ्या हातातनं इंचइंच खाली गेली. घागर पाण्याला टेकली ते हाताला आधी कळलं. खालची दोरी ओढली. आवाज झालाच नाही, फक्त चिंचेची सावली जरा हलली आणि परत जुळली. किती वेळ मी तिथं उभी होते कुणास ठाऊक.

दुपारी काकी मला सांगलीला घेऊन गेल्या. आष्ट्याहून सांगलीला गाड्या मिळतात, अर्धा-पाऊण तास लागतो. बाजारात भडंग घ्या, पण घरी कुणी लसूण खात नसेल तर विचारून घ्या. काकींनी बिनलसणाचा एक पुडा आणि माझ्या घरच्यांसाठी लसणाचा एक घेतला. लसणाचा पुडा मात्र माझ्या पिशवीत ठेवायला लावला. मग आम्ही घाटावर जाऊन बसलो. पायऱ्या रुंद आहेत, नदी आमच्याकडल्यापेक्षा दुप्पट आणि तिला कसलीच घाई नाही. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. पुलावरच्या गाड्या मुंग्यांसारख्या चालल्या होत्या आणि त्यांचा आवाज इथवर येत नव्हता.

"ही तुमच्या दारातनंच येती की," काकी म्हणाल्या.

मला ते माहीत होतं, शाळेत होतं. पण माहीत असणं वेगळं. आमच्या घाटावरनं सोडलेली फुलं वाटेत कुठंतरी विरत असतील. पाणी तर येतच असणार. मी पाण्यात हात घातला आणि एवढ्या लांब येऊन मला घरच्यासारखं वाटलं.

"तुझ्या वडलांनी काय काय विचारायला सांगितलंय?"

मी वही दिली. काकींनी सावकाश वाचलं. 'विचित्र' पण वाचलं. मी नदीकडं बघत होते.

"देव आणू दे की तिनं," त्या म्हणाल्या. "आमचा आमच्या जागी, तिचा तिच्या. खाण्याचं सांगतो. घरात मांस-अंडं न्हाई चालायचं, ते मी आत्ताच सांगतो, मागनं नको. बाहेर ती काय खाती ते मी विचारणार न्हाई. तिन्हीसांजंच्या आधी जेवली तर मला बरं वाटंल, न्हाई जेवली तर झाकून ठेवतो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझा बी एक प्रश्न लिही."

मी पेन काढला.

"तुझ्या ताईला तुमच्या घरातलं काय सोडायला सगळ्यात जड जाईल? मटण-मासं सोडून सांगा, ते मला कळतंय. ते सोडून काय? मला आधी ठाऊक असलं की मी जरा सांभाळून घेतो. कांद्याची ताटली आणल्यासारखं नको व्हायला."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. काकींनी शेंगदाण्याची चटणी दिली आणि माझी बाटली विहिरीच्या गाळलेल्या पाण्यानं भरली. परतीला ऊस डाव्या हाताला होता का उजव्या, मला आठवत नाही. जाताना मी गावं मोजली होती, येताना एकही मोजलं नाही. सातारा स्टँडवर एका आजोबांना "वाईची कुठं लागते?" असं मी आपणहून विचारलं. त्यांना माहीत नव्हतं, पण विचारलं.

घरी पोचले तेव्हा बाबा दुकानातनं मुद्दाम येऊन बसले होते. आई चहा ठेवत होती. ताई पाचगणीहून लवकर आली होती आणि आत उगाच कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हं. कशी हायत माणसं?"

मी वही उघडली. विचित्र शब्द मी खोडला नव्हता, फक्त त्याच्यापुढं जागा सोडली होती. मग वही मिटली आणि सांगायला लागले. कांदा सांगितला, फडकं सांगितलं, बिनसाखरेचा चहा सांगितला. मी घरात सलग इतकं कधीच बोलले नव्हते. आई चहा गाळायला विसरली.

"म्हणजे साबणानं धुतलंस?" आई म्हणाली. "मी पण तेच केलं असतं."

"तर काय," बाबा म्हणाले. 

"त्यांचा पण एक प्रश्न आहे बाबा," मी म्हणाले, आणि वाचून दाखवला.

बाबांनी लगेच तोंड उघडलं. "सोपं हाय. तिला..." आणि थांबले. "तिला सुकट. न्हाई, ते सोडून म्हणल्यात. तिला..." त्यांनी आईकडं बघितलं. आईनं खांदे उडवले. चोवीस वर्षं पोरगी ह्या घरात आहे. त्यांनी त्या घराबद्दल चार प्रश्न काढले होते आणि ह्या घरातला एक त्यांना येत नव्हता.

"ताई," त्यांनी हाक मारली. "जरा भाइर ये."

ताई दारात उभी राहिली. मी प्रश्न परत वाचला. घडी घालायची ओढणी तिच्या हातातच होती.

"तुमच्याबरोबर जेवणं," ती म्हणाली. "तुमी दुकान बंद करून येता, साडेनऊ-दहा वाजतात. सगळ्यांची जेवणं झालेली असतात. मी थांबते. आपण दोघंच जेवतो. ते."

बाबांनी चहाचा कप उचलला, परत ठेवला. "मला वाटायचं तुला उशिरा भूक लागती," म्हणाले.

"मला सातलाच लागते," ताई म्हणाली.

 बाबा दुकानात निघून गेले.

हे सगळं परवाचं. काल काय झालं ते लिहिते आणि संपवते. काल साडेपाचला बाबा घरी आले. मला वाटलं त्यांना ताप आला. हातपाय धुतले आणि म्हणाले, "ताट वाढा. ताईचं आणि माझं."

आईनं विचारलं, "दुकान?"

"हाय तिथंच हाय."

दोघं पुढच्या ओट्यावर बसले. ऊन तिरकं आलेलं, भाकरीवर, पाण्याच्या तांब्यावर, बाबांच्या हातावर. त्यांच्या बोटांवर झेंडूचा पिवळा रंग असतो, तो मी पहिल्यांदा जेवताना बघितला. चटणी आष्ट्याची होती. बाबा घास घेऊन थोडा वेळ ताटाकडंच बघत बसले.

"एवढ्या उजेडात जेवायची सवय न्हाई," म्हणाले. "सगळं दिसतंय."

ताई हसली आणि लगेच दुसरीकडं बघायला लागली. माझ्या बाटलीच्या तळाशी तिकडचं थोडं पाणी राहिलंय. ते मी अजून टाकलेलं नाही. बाबा मला म्हणाले, "इस्लामपूरवरनं जाणारी गाडी म्हणालीस ती. साताऱ्यातनं किती वाजता सुटती?"

मी सांगितलं.